परदेशी दत्तकाचे शेवटचे दिवस : आमच्या हातून झालेल्या चुका तुम्ही टाळा

माझे धाकटे दीर आणि जाऊ बारा वर्षांपासून अमेरिकेत राहतात. गेल्या उन्हाळ्यात ते आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी सात आठवडे राहिले आणि परत जाताना चार वर्षांची दत्तक लेक सोबत घेऊन गेले. लेकीचं नाव, ती आधी राहत होती त्या संस्थेचं नाव, संस्थेचा जिल्हा यांतलं काहीच मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईल. कागदांची धावपळ दिराने केली, घर मी सांभाळलं, आणि चुका दोघांकडूनही झाल्या. दत्तकासाठी अर्ज कसा करायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. लेकरू हातात आल्यापासून विमानात बसेपर्यंत काय करायचं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी कोणी परदेशातून यासाठी येणार असेल, तर हे वाचून ठेवा.

परतीचं तिकीट आधीच काढणं

दिराने येतानाच पाच आठवड्यांनंतरचं परतीचं तिकीट काढलं होतं. ‘कारा’चं, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र हातात आलं होतं, त्यामुळे आता उरलं काय, सह्याच तर, असं सगळ्यांना वाटलं. खरं काम तिथून पुढेच होतं.

ना-हरकत पत्र आलं की लेखी हमी देऊन लेकरू भारतातल्या भारतात आपल्याजवळ ठेवता येतं. याला दत्तकपूर्व संगोपन म्हणतात. ते अजून कायद्याने तुमचं झालेलं नसतं. दत्तक आदेश निघायचा असतो; बाल न्याय कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने तो अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आणि ही दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली. आदेशासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत ठेवली आहे. आदेशानंतर नव्या आई-बापांच्या नावाचा जन्मदाखला निघतो, त्याला पाच कामकाजाचे दिवस. संस्था तीन कामकाजाच्या दिवसांत पासपोर्टचा अर्ज करते आणि पासपोर्ट दहा दिवसांत मिळावा असं नियम सांगतो. आदेश ‘कारा’च्या पोर्टलवर चढला की तीन कामकाजाच्या दिवसांत ‘कारा’ अनुरूपता प्रमाणपत्र देते. आंतरदेशीय दत्तकाबद्दलचा 1993 चा हेग करार भारताने 2003 मध्ये मान्य केला. त्यातल्या कलम 23 प्रमाणे हे प्रमाणपत्र असतं आणि दुसऱ्या देशात दत्तक मान्य व्हायला तेच लागतं. मग वैद्यकीय तपासणी, मग व्हिसा. लेकराचा अंतिम ताबा पासपोर्ट आणि व्हिसा आल्यावरच मिळतो.

आता या दिवसांची बेरीज करा आणि त्यात शनिवार, रविवार, 1 मे, बुद्धपौर्णिमा मिळवा. आमची बेरीज पाच आठवड्यांत बसत नव्हती. तिकीट बुडालं ते बुडालं, पण शेवटी तारखेच्या धास्तीनं दीर लेकीजवळ बसायचा सोडून दिवसभर फोनवर राहिला, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. मोठ्यांचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. लेकराचं तिकीट व्हिसा हातात आल्यावर काढा.

तारीख गाठायची म्हणून कोणी ओळखीचा माणूस ‘साहेबांना भेटून लवकर करून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. कागदांचा क्रम मोडून काही होत नाही. अमेरिकेच्या बाबतीत तर तिथल्या इमिग्रेशन खात्याची तात्पुरती मंजुरी आणि दूतावासाचं हेग करारातल्या कलम 5 चं पत्र येण्याआधी इथे दत्तक आदेश झाला, तर तीच घाई पुढे व्हिसाला आडवी येते.

नाव तोंडी सांगणं

विदर्भात वानखडे आणि वानखेडे शेजारीशेजारी राहतात. आमचंही आडनाव असंच एका मात्रेनं बदलणारं. दिराने ते फोनवर सांगितलं, ऐकणाऱ्याने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं, आणि अर्जाच्या मसुद्यात एक अक्षर वेगळं पडलं. आदेश निघायच्या आधी जावेच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. आदेशात चूक राहिली असती तर जन्मदाखला, पासपोर्ट, अनुरूपता प्रमाणपत्र, व्हिसा, सगळीकडे तीच उतरली असती आणि दुरुस्ती पुन्हा पहिल्या कागदापासून करावी लागली असती.

यावर उपाय साधा आहे. लेकीचं नाव, मधलं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि दोघा आई-बापांची नावं त्यांच्या पासपोर्टवर आहेत तशीच मोठ्या इंग्रजी अक्षरांत एका कागदावर टाइप करा. ज्याला ज्याला नाव द्यायचं त्याला तोच कागद द्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं लावायची रीत आहे. ते लावायचं की नाही हे अर्जाआधी ठरवा. बेवारस सापडलेल्या लेकरांची जन्मतारीख पुष्कळदा डॉक्टरांच्या अंदाजावरून ठरलेली असते. ती जी ठरली आहे तीच सगळीकडे लिहा. घरात कोणाला पत्रिकेसाठी दुसरी तारीख बरी वाटत असेल, तर त्यांना तिथेच थांबवा.

मांडव घालून स्वागत करणं

ही आमची सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी केली.

लेक घरी येणार म्हणून मी रांगोळी काढली, तोरण लावलं, शेजारणींना बोलावलं. कोणीतरी डफडं आणलं. गाडी दारात थांबली तेव्हा पंचवीस-तीस माणसं उभी होती. मी ताट घेऊन पुढे झाले आणि पाहिलं, तर लेकरू लाकडासारखं ताठ झालेलं. रडणं नाही, बोलणं नाही. तिचे कपडे ओले झाले होते. घरात शिरताच ती दिवाणाखाली गेली आणि दोन तास बाहेर आली नाही. सासूबाई दारातून विचारत होत्या, “काऊन घाबरून राह्यली वं माय, आपलंच घर हाय ना.” तिला ते आपलं घर आहे हे कुठून माहीत असणार?

दिराने सगळ्यांना बाहेर काढलं, दिवाणाजवळ फरशीवर चादर टाकली आणि काही न बोलता आडवा झाला. बऱ्याच वेळानं एक छोटा हात बाहेर आला आणि त्याच्या घड्याळाला लागला. तोही तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या समाजसेविका ताईंनी फोनवर जे सांगितलं ते आम्ही पुढचे पंधरा दिवस पाळलं. भरवणं, आंघोळ घालणं, झोपवणं आणि रडल्यावर उचलणं ही चार कामं आई-बापाशिवाय कोणी करायची नाहीत. संस्थेत पाळीनुसार हात बदलतात. यातले कोणते हात आपले आहेत हे लेकराला कळायला तेच ते दोन जण पुन्हापुन्हा लागतात. सासूबाईंना हे फार लागलं. “माझ्या हातचा एक घास खाऊ द्या ना बाप्पा, मी काय परकी आहो?” आम्ही त्यांना दुसरं काम दिलं. गरम वरण-भात कालवून ताट जावेच्या हातात द्यायचं. आठवडाभरानं लेकीला कळलं की ताट कुठून येतं, आणि ती स्वतःच चुलीजवळ जाऊन बसायला लागली.

या दिवसांत आणखी काही गोष्टी दिसतील, त्यांनी घाबरू नका. आमची लेक दिराला चिकटली आणि नऊ दिवस जावेला जवळ येऊ देत नव्हती. जाऊ माझ्यासमोर स्वयंपाकघरात रडली, “ताई, मी तिला नको आहे.” तसं नसतं. लेकराने एक माणूस धरलेला असतो, दुसरा धरायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात दिराने एकट्याने परत जायचा विचार केला होता, रजा संपत होती म्हणून. आम्ही हातापाया पडून रजा वाढवायला लावली. जो एक माणूस धरला तोच निघून गेला, असं तिला वाटलं असतं. उशीखाली पोळीचे तुकडे सापडले तर रागावू नका. तिच्या हाताला लागेल असा मुरमुऱ्या-फुटाण्यांचा डबा ठेवा. भूक लागल्यावर मिळतं हे पटलं की तुकडे लपवणं आपोआप कमी होतं. आणि एकदम शांत, सगळ्यांकडे जाणारं, सगळ्यांना हसून दाखवणारं लेकरू रुळलं आहे असं लगेच समजू नका. कधीकधी ते घाबरलेलं असतं.

भाषेचंही पाहा. लेक वऱ्हाडी बोलायची, “मले”, “पायजे”, “कवा येते?” जाऊ पुण्याची. तिने पहिल्या दिवसापासून “मला म्हण” असं सुधारायला घेतलं, ते मी थांबवलं. या लेकराचं आता देश, माणसं, जेवण, हवा सगळंच बदलणार आहे. तिची बोली तरी काही दिवस तिच्याजवळ राहू द्या. जाऊच तिच्याकडून शिकली, आणि पुढे मस्त “मले” म्हणायला लागली.

कूलरचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, कूलरशिवाय झोप नाही. पण त्याच्या घरघरीला ती भ्यायची. दिवसा बंद कूलरची टाकी तिच्या हातानं भरून घेतली, वाळ्याला हात लावू दिला, मग रात्री लावला. घरातल्या ज्या आवाजांची आपल्याला सवय असते त्यांचा असा आधी विचार करा.

‘मावशी उद्या येणार हाय’

रडणं थांबवायला मी तिला हे खोटं सांगितलं. संस्थेत तिला सांभाळणाऱ्या मावशीची ती वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती चपला घालून ओट्यावर जाऊन बसली आणि उन्हं अंगावर येईस्तोवर उठली नाही. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि मला ते योग्यच वाटतं.

खरं सांगा, थोडक्यात सांगा. “मावशी तिकडेच राहते. तू आता आई-बाबांजवळ राहतेस. आठवण आली का? ये.” संस्थेला विचारून व्हिडिओ कॉल लावता आला तर लावा. आम्ही लावला. दोघी रडल्या, पण त्या रात्री लेक पहिल्यांदा सलग झोपली.

फोटो आणि चौकशा

पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी लेकीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तासाभरात तो काढायला लावला. गाडी यायच्या आधीच सगळ्यांना बजावून ठेवा, नंतर फार उशीर होतो.

चौकशांचं त्याहून वाईट. “कोणाची आहे?” “जात कोणती?” “आईनं काऊन टाकलं?” आणि हे सगळं लेकरासमोर. चार वर्षांच्या लेकराला हे समजतं. घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर ठरवा आणि तेवढंच द्या. आम्ही “आमची आहे” म्हणायचो आणि विषय बदलायचो. तिच्या जन्माची जी काही हकीकत कागदांत आहे ती तिची आहे. ती तिला तिच्या आई-बापांकडून कळली पाहिजे, गावातून नाही.

दिल्लीसाठी दोनच दिवस ठेवणं

अमेरिकेचा दत्तकाचा व्हिसा दिल्लीच्या दूतावासातून मिळतो. त्याआधीची वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. आपल्या गावच्या किंवा वर्ध्याच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. दोन वर्षं आणि त्यावरच्या लेकरांची क्षयरोगासाठी रक्ततपासणी होते. बीसीजीची लस घेतलेली असल्यामुळे ही तपासणी बिघडत नाही, पण अहवालाला काही दिवस जातात. त्यात काही निघालं तर छातीचा एक्स-रे, आणि पुढे थुंकी तपासायची वेळ आली तर त्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, आठ आठवडे लागतात. म्हणून पासपोर्ट आल्याबरोबर ही तपासणी उरका, मुलाखतीच्या आदल्या दिवसावर टाकू नका. लसींचं कार्ड संस्थेकडून आधीच मागून घ्या.

आमच्या लेकीला दिल्लीत पोचल्यावर ताप आला. दोन दिवस जास्तीचे ठेवले होते म्हणून जमलं. दुसऱ्या देशात नेत असाल तर व्हिसाचे नियम वेगळे असतील, ते आपल्या परदेशी दत्तक संस्थेकडून लेखी घ्या.

हातातली बॅग

दत्तक आदेशाची प्रमाणित प्रत, अनुरूपता प्रमाणपत्र, जन्मदाखला, लसींचं कार्ड, सगळं हातातल्या बॅगेत. मोठ्या सामानात काहीच नाही. दूतावासाने सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते उघडायचं नाही, तिकडचा अधिकारीच उघडतो. तिकडे गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी लेकराचा अहवाल द्यावा लागतो, त्याच्या तारखाही याच बॅगेत लिहून ठेवा.

आणि एक कापड. लेक आली तेव्हा तिच्या हातात मावशीच्या जुन्या ओढणीचा तुकडा होता. कळकट दिसला म्हणून मी पहिल्याच दिवशी तो साबणानं धुऊन वाळत घातला. तिने तो उचलला, नाकाला लावला आणि टाकून दिला. मला तेव्हा कळलं नाही की मी काय धुतलं ते. ताईंना फोन केला, तर मावशीने स्वतःची वापरातली दुसरी ओढणी पाठवली, आठवडाभर अंगावर घेतलेली. ती लेकीसोबत दिल्लीला गेली आणि विमानातही गेली. तुमच्या लेकराकडे असं काही असेल तर ते धुऊ नका, आणि सुटकेसमध्ये भरू नका.