जाहिरात येण्याआधीच तयार हवी कागदपत्रांची फाईल

सरकारी आणि बँक भरतीत लेखी परीक्षा पास झालेली मुलं कागदपत्र पडताळणीत बाद होतात, तेव्हा कारण बरेचदा एखाद्या दाखल्याची तारीख किंवा नमुना एवढंच असतं. अर्जाची मुदत बहुधा दोन-चार आठवड्यांची, आणि काही दाखल्यांना महिने लागतात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर लगेच कामाला लागा.

आधी नाव तपासा. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण माना, कारण जन्मतारीखही त्याच्यावरूनच धरतात. आधार, पॅन आणि पदवीची गुणपत्रिका त्याच्याशी जुळवा. स्पेलिंगमधल्या एका अक्षराचा फरकही परीक्षा केंद्राच्या दारात नडतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवूनच दुरुस्ती करा. गुणपत्रिकेतली चूक पदवी छापली जाण्याआधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत फाईलला लावा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जातीच्या दाखल्यात. त्यासाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळत नसेल तर त्यांच्या प्राथमिक शाळेतून जनरल रजिस्टरचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा मागा. तोही नसेल तर तहसील कार्यालयात जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधा. आजोबा, वडील आणि तुम्ही असं नातं कागदावर सलग दिसलं पाहिजे. मधला दुवा सुटला की प्रकरण त्रुटीत जातं, म्हणजे अपूर्ण म्हणून अडकतं.

राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो, आणि इथेच अनेकजण फसतात. स्टाफ सिलेक्शन कमिशन, रेल्वे किंवा आयबीपीएसला (बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र चालत नाही. उपविभागीय अधिकारी कार्यालयातून केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढा. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे त्याआधी बघा. राज्यात एनटी (भटक्या जमाती) किंवा व्हीजेमध्ये (विमुक्त जाती) येणाऱ्या अनेक जाती केंद्रात ओबीसी म्हणून धरल्या जातात. अर्जात तोच प्रवर्ग भरायचा. राज्याचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्राच्या भरतीत नाही. तिथे निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) केंद्राचा दाखला लागतो. तो मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो, म्हणून दर एप्रिलनंतर नवा काढावा लागतो.

जाहिरातीत पात्रतेची तारीख ठळक रेघेने अधोरेखित करा. पदवीचा निकाल त्या तारखेपर्यंत लागलेला असला पाहिजे. परीक्षा दिली आहे एवढ्याने भागत नाही. दीक्षांत समारंभाची वाट न बघता तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र घ्या. ग्रेड असतील तर त्यांची टक्केवारी काढण्याचं विद्यापीठाचं सूत्र सही-शिक्क्यानिशी मागून ठेवा.

आता अपलोडचे फोटो. आयबीपीएसला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं घोषणापत्रही द्यावं लागतं. सही किंवा घोषणापत्र कॅपिटल अक्षरांत केलं तर अर्ज बाद. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनेच लिहा. फोटोच्या आठ प्रती जपून ठेवा, कारण हजेरीपत्रकावर आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये चेहरा त्याच फोटोशी ताडून पाहतात. दाढी वाढवायची किंवा काढायची असेल तर फोटो काढण्याआधीच ठरवा.