धंदा टिकवायचा तर आधी मालक टिकला पाहिजे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत नवा शेड टाकणारा माणूस कामाने थकत नाही, अडकलेल्या पैशाने थकतो. म्हणून सुरुवात तिथून करा. भाडं, पगार, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता यांची महिन्याची बेरीज करा. ती 1,80,000 आली, तर तिप्पट म्हणजे 5,40,000 रुपये वेगळ्या मुदत ठेवीत हवेत. एकदम जमणार नाही. जमा होणाऱ्या प्रत्येक बिलातून 5 टक्के बाजूला काढा. कच्चा माल स्वस्त मिळतोय म्हणून ही ठेव मोडली जाते, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. बिलातला जीएसटीही आपला पैसा नव्हे, तो सरकारला भरायचा असतो, खर्चायला धरूच नका.

माल देण्याआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा, ती मोफत असते. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला तर खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावं लागतं.

2019 आणि 2021 चा पूर आठवून पॅनेल बोर्ड उंचावर बसवा, विम्यात पूर आहे का ते वाचा.

मनाचं काय? स्वतःला ठरलेला पगार घ्या, भले 15,000 असो. घरखर्च गल्ल्यातून भागला की यश मोजताच येत नाही. पंधरा दिवस रोज रात्री लिहा: आज कुठल्या कामात जीव रमला, कुठल्या कामाने जीव नकोसा झाला. नकोशा कामांतलं एक पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या हाती द्या. साप्ताहिक सुट्टीला फोन घरी ठेवून रंकाळ्यावर जा.