आमसुले आणि अमृतकोकम घरी करताना या चुका टाळा

एप्रिलच्या अखेरीस रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकू लागली की आमच्या चिपळूणच्या घरी ओळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात आणि ते गणपतीपर्यंत थांबत नाहीत. कुणाच्या आमसुलांना बुरशी आलेली असते, कुणाच्या सरबताला फेस येतो, कुणाचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) विटकरी पडलेले असते. तक्रारी निरनिराळ्या असल्या तरी खोदून विचारल्यावर कारण बहुधा एकच निघते: मीठ, साखर आणि ऊन या गोष्टी केवळ चवीपुरत्या आहेत असे समजून त्यांत केलेली काटकसर.

पहिली चूक झाडाखालीच होते. रातांब्याच्या झाडावरची सगळी फळे एकदम पिकत नाहीत. त्यामुळे पूर्ण लाल-जांभळी झालेली फळे तीन-चार दिवसांच्या अंतराने अनेकदा उतरवावी लागतात. मुंबईहून चार दिवसांसाठी आलेल्या मंडळींना एवढा धीर नसतो. ती फांदी झोडपून हिरवी, पिवळी, लाल अशी सगळी फळे एकत्र पाडतात आणि मग सोलांना, म्हणजे फळांच्या सालींना, रंग का आला नाही म्हणून विचारतात. मी फांदी आकडीने हलकेच हलवते आणि खाली जुने लुगडे पसरते. रात्री आपोआप पडलेले फळ सकाळी अखंड मिळाले तर घेते. फुटलेले किंवा मुंग्या लागलेले फळ कितीही मोठे असले तरी घेत नाही.

आमसुलांच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पुटे कमी देणे. फळ धुऊन, पुसून, मधोमध कापायचे, गर आणि बिया वेगळ्या करायच्या, गराचा रस गाळून त्यात मीठ विरघळवायचे, सोले रात्रभर त्या रसात बुडवून ठेवायची आणि सकाळी उन्हात पसरायची, हे झाले एक पुट. किलोभर सोलांमागे मी शंभर ते सव्वाशे ग्रॅम जाडे मीठ घेते आणि किमान पाच पुटे देते. प्रत्येक पुटात सोल थोडा रस आणि मीठ शोषून घेते, उन्हात त्यातले पाणी उडते आणि आंबटपणा व मीठ आत साठत जाते. दोन पुटांतही सोल वरून काळे दिसते, म्हणून घाईच्या माणसाला ते झाले असे वाटते. प्रत्यक्षात आतला भाग ओलाच असतो आणि डबा बंद झाल्यावर तो ओलावा आपले काम सुरू करतो.

हे मी २०२१ मध्ये स्वतःच्या घरी पाहिले. तिसरे पुट दिलेली सोले गच्चीवर असताना तौक्ते वादळ आले. १६ मे रोजी ते कोकण किनाऱ्याजवळून पुढे सरकत असताना आमच्याकडे वारा आणि पाऊस इतका होता की वीजही गेली. धावपळीत निम्मी सोले मी मीठ घातलेल्या रसाच्या बरणीत परत टाकली आणि बरणीत जागा उरली नाही म्हणून उरलेली, बऱ्यापैकी सुकली आहेत अशी मनाची समजूत घालून, प्लास्टिकच्या डब्यात भरली. पुढचे काही दिवस धड ऊन पडले नाही. डबा उघडला तेव्हा कुबट वास आला आणि सोलांवर पांढरी लव दिसली. तो सगळा माल खड्ड्यात पुरला. बरणीतली सोले मात्र जशीच्या तशी होती, कारण मूळचा आंबट रस आणि त्यातले मीठ यांत बुरशीला सहसा थारा मिळत नाही. तेव्हापासून आभाळ भरून आले की अर्धवट सुकलेली सोले मी डब्यात नव्हे, रसात परत घालते, वर मूठभर मीठ जास्त टाकते आणि ती रसाखाली पूर्ण बुडालेली राहतील असे पाहते. अवेळी पावसाची भीती असलेल्यांनी नवे झाड लावताना दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ जातीचे कलम लावावे. तिची बहुतांश फळे पावसाआधी तयार होतात. बीपासून लावलेले रोप नर निघण्याची शक्यता मोठी असते आणि सात-आठ वर्षे पाणी घातल्यावर ते कळणे फार जिव्हारी लागते.

आमसुलांवरचा प्रत्येक पांढरा थर बुरशीचा नसतो. बोटाने चोळल्यावर खरखरीत लागणारा थर मिठाचा असतो, मऊ आणि लवेसारखा असेल तर माल टाकावा. धुऊन पुन्हा सुकवण्याचा शहाणपणा करू नये.

अमृतकोकमात, म्हणजे सोले साखरेत मुरवून केलेल्या सरबताच्या पाकात, घोळ साखरेवरून होतो. प्रमाण किलोभर सोलांना दोन किलो साखर असे आहे. ते ऐकताच लोक दचकतात आणि ‘आम्हाला कमी गोड चालते’ म्हणतात. कमी गोड हवे असेल तर पेल्यात पाणी जास्त घालावे, बरणीत साखर कमी करू नये, कारण पाक पुरेसा घट्ट नसला की त्यात किण्वन सुरू होऊन वायू तयार होतो. माझ्या पुण्याच्या भाच्याने एका मे महिन्यात निम्मी साखर घालून, तिसऱ्याच दिवशी गाळून, थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या आणि मी नको म्हणत असताना त्या एसटीने पुण्याला नेल्या. कुंभार्ली घाटात एका बाटलीचे बूच उडाले आणि शेजारच्या गृहस्थांच्या पांढऱ्या लेंग्यावर जे काही झाले ते रक्तासारखे दिसत असल्याने गाडी थांबवावी लागली. लेंग्याचे पैसे भाच्याने दिले. पुढच्या वर्षी साखर त्याने स्वतःहून दोन किलो आणली.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची आणि पूर्ण कोरडी असावी. तळाला आणि सर्वांत वर साखरेचाच थर द्यावा, तोंडाला स्वच्छ फडके बांधावे आणि रोज एकदा लाकडी डावाने तळापासून ढवळावे. साखर तळाशी बसली असेल तर वरचा पाक पातळच राहतो आणि तिथूनच तो आंबू लागतो. सगळी साखर विरघळायला मला सात-आठ दिवस लागतात. हे दिवस वाचवण्यासाठी पातेले गॅसवर ठेवणाऱ्यांचे मला कधीच समजलेले नाही. उकळल्यावर तो गर्द लाल रंग विटतो, फळाचा ताजा वास जातो आणि मग त्यात बाजारचा रंग घालावा लागतो. जिरेपूड सरबत करताना घालावी, बरणीत नव्हे.

ॲल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेले पितळ यांना या रसाजवळ येऊ देऊ नये. तो अतिशय आंबट असतो, धातू खातो आणि तो धातू आपल्या पोटात जातो.

आगळात मीठ भरपूर असते, त्यामुळे सोलकढीत चव पाहिल्याशिवाय वेगळे मीठ घालू नये. नारळाच्या दुधात आगळ घातल्यावर ती गरमही करू नये, फुटते.

बिया मात्र लोक सर्रास उकिरड्यावर टाकतात, याचा मला खरा राग येतो. त्या धुऊन खडखडीत वाळवून ठेवाव्यात. पावसाळा सरल्यावर फोडून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगते आणि गार झाल्यावर थिजते. ते मुठीत दाबून वळायचे, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की आमच्याकडे तेच लावतात.