टीव्हीला हेडफोनचं भोक नाही? मागचं चौकोनी पोर्ट बघा

रात्री घरचे झोपल्यावर मॅच बघायची, तर ब्लूटूथ हेडफोन हवेतच. आधी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ब्लूटूथ आहे का बघा; असेल तर काहीच विकत घ्यायला नको. नसेल तर टीव्हीच्या मागे ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं छोटं चौकोनी पोर्ट शोधा. ऑप्टिकल इनपुट असलेला ब्लूटूथ ट्रान्समीटर, म्हणजे टीव्हीचा आवाज हेडफोनला पाठवणारी डबी, घ्या (आवाज घेणारा रिसीव्हर नव्हे, दुकानात हमखास घोळ होतो) आणि त्याला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून द्या. दोन्ही जोडणाऱ्या ऑप्टिकल केबलच्या टोकांवरची प्लास्टिकची इवलीशी टोपणं आधी काढा आणि एक टोक टीव्हीत घाला. टीव्ही चालू असताना दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला की समजा, जोडणी बरोबर.

तरीही आवाज नाही? मी तासभर केबलच काढत-घालत बसलो होतो. दोष सेटिंगचा होता: डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘डॉल्बी’ किंवा ‘ऑटो’वरून ‘पीसीएम’वर (साधा डिजिटल आवाज) आणा.

ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो, ही साध्या ब्लूटूथची खोड. ‘एपीटीएक्स लो लेटन्सी’ या कमी उशिराच्या ब्लूटूथ तंत्रात हा उशीर सुमारे 40 मिलिसेकंदांवर येतो, पण ती सोय ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हींत हवी.