आरोग्य विमा कंपनीचा सीएसआर: गावात जाण्याआधी या चुका टाळा

मार्च लागला की मला हमखास एक फोन येतो. "मॅडम, एकतीस तारखेच्या आत दोन शिबिरं लावून द्या, बजेट शिल्लक आहे." नागपूर जिल्ह्यात विमा कंपन्यांचे आरोग्यविषयक सीएसआर (कंपनीने आपल्या नफ्यातून समाजासाठी करायचं काम) प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेत मी काम करते. दरवर्षी अधिकारी नवा असतो, वाक्य तेच असतं.

या घाईमागे एक चुकीची समजूत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, निकषात बसणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. पण २०२१ पासून चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. अट एकच, संचालक मंडळाने तो प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर केलेला किंवा योग्य कारण देऊन वर्षापुढे वाढवलेला हवा. म्हणून माझा आग्रह असतो की हे काम जूनमध्ये करा. मार्चअखेर रामटेकपलीकडे, देवलापारच्या बाजूला जाऊन बघा. बाया पहाटेच टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जंगलात गेलेल्या असतात. अकरा वाजता शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून तुम्ही कोणाला तपासणार?

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला, ती सांगते.

काही वर्षांपूर्वी त्याच पट्ट्यातल्या एका गावात आम्ही रक्तक्षयाची तपासणी ठेवली. पैसे एका विमा कंपनीचे. सकाळी मी पोचले तर नोंदणीच्या टेबलावर आमच्या आशाताईंच्या शेजारी दोन तरुण बसलेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मला वाटलं, कंपनीचे स्वयंसेवक असतील. ते प्रत्येक बाईचं नाव, वय, मोबाईल नंबर आपल्या वेगळ्या रजिस्टरमध्ये उतरवून घेत होते. मी विचारलं नाही. तिथेच चुकलं.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच गावात सिकलसेलच्या, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीला गेलो, तर दुपारपर्यंत चार म्हातारी माणसं आली. शेवटी मी एका मावशींच्या दारात जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "मागच्या खेपेला बोट टोचलं अन् मंग फोनच फोन येऊन राहिले, ताई. पॉलिसी घ्या म्हणते. माह्या नवऱ्यानं सांगितलं, आता जायचं नाही." त्यांचं हिमोग्लोबिन ७ च्या आत, म्हणजे फारच कमी होतं, ते मला आमच्या कागदावरून आठवत होतं. गोळ्या सुरू झाल्या का, हे विचारायला मात्र वर्षभरात एकही फोन गेला नव्हता.

आपल्या मालाचा प्रचार साधण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही, नेहमीच्या धंद्यातलं कामही धरलं जात नाही. नियमांत हे स्पष्ट आहे. पण मला नियमापेक्षा त्या मावशींचं दार जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे: नोंदणीला फक्त आशाताई किंवा आमच्या संस्थेतली मुलगी बसते, रजिस्टर एकच असतं, आणि ते संध्याकाळी उपकेंद्रात जमा होतं. विक्री विभागाचा माणूस दिसला तर शिबिर सुरू होत नाही. विम्याचं बोलायचंच असेल, तर लोकांना महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड कसं काढायचं ते सांगा. ते त्यांच्या हक्काचं आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. सीएसआर-१ (सीएसआरची कामं घेण्यासाठी संस्थेने सरकारकडे करायची) नोंदणी नसलेल्या संस्थेला काम देऊ नका, आधी नंबर मागा. फक्त कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी करून ती सीएसआरमध्ये दाखवू नका. कार्यालयीन खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. रुग्णवाहिका द्यायची तर तिची मालकी, ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल कोणाकडे, हे आधी लिहून घ्या. चावी दिल्याचा फोटो नंतर. आणि तपासायला आलेल्या बाईच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका.

सिकलसेलवर मात्र थांबावंच लागेल, कारण विदर्भात काम करायचं म्हणजे हा विषय येणारच. १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हापासून कंपन्यांनाही या तपासणीची ओढ लागली आहे. ओढ चांगली आहे, घाई वाईट. शिबिरात बहुधा होते ती सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची प्राथमिक चाचणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे मुलगी वाहक (आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेली) आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली पक्की तपासणी लागते. स्वस्त पडतं म्हणून पहिल्या टेस्टवर थांबणारे आणि व्हरांड्यात मोठ्याने नाव पुकारून "पॉझिटिव्ह" म्हणणारे मी पाहिले आहेत. एका मुलीचं ठरलेलं लग्न त्या एका शब्दाने मोडलं. ती निघाली वाहक. तिला स्वतःला काही आजार नव्हता. होणारा नवराही वाहक आहे का, एवढंच तपासायला हवं होतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे दोन्ही घरांना शांतपणे बसून सांगता आलं असतं.

म्हणून आमच्याकडे निकाल त्या दिवशी कोणालाच सांगत नाही. पक्का रिपोर्ट आला की बंद पाकिटात घालून, समुपदेशकाला सोबत घेऊन आम्ही घरोघरी जातो. कोणी रुग्ण निघाला तर नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांत कोणत्या दिवशी, कोणत्या ओपीडीला जायचं, ते पाकिटावर हाताने लिहितो आणि पहिल्या खेपेला बरोबर जातो. या दुसऱ्या फेरीचा गाडीखर्च आणि समुपदेशकाचं मानधन कंपनीच्या प्रस्तावात बहुधा नसतंच. मी ते पहिल्या पानावर टाकते. ते कापून प्रस्ताव परत आला, तर तारीख देत नाही.