थंडीत गाडी सुरू करताना येणारा चीं-चीं आवाज : माझा अनुभव
निफाडला जानेवारीत पहाटे गाडी सुरू करताच बॉनेटखालून कर्कश चीं-चीं आवाज येई आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबे, त्यामुळे गॅरेजमध्ये दाखवायला काहीच उरत नसे. ऑइल बदलले, इंजिनाच्या जोरावर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) वगैरे फिरवणारा बेल्टही नवा बसवला. आवाज परतलाच, याचा वैताग आला.

अखेर थंड इंजिन सुरू ठेवून, हात आणि कपडे दूर राखून, फिरत्या बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारले. आवाज क्षणभर थांबून परतला असता, तर पुली, म्हणजे बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाके, एका रेषेत नसल्याचा संशय घेतला असता; इथे तो उलट वाढला, म्हणजे ताण अपुरा असल्याने बेल्ट घसरत होता. इंजिन बंद करून टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग, तपासला, तेव्हा त्याची स्प्रिंग सैल पडलेली आढळली. टेन्शनर बदलला, दुसऱ्या पहाटे गाडी निमूट सुरू झाली.