खिडकीचा उजेड रेंडरमध्ये खोटा दिसतोय? या चुका टाळा

रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर थ्रीडीत काढलेल्या घराच्या चित्रात, खोली काळोखी आली की नवी पोरं काय करतात, तर छताखाली एक एरिया लाइट, म्हणजे उजेड देणारा खोटा चौकोन, टाकतात, तरी भागलं नाही की दुसरा, मग सूर्याची स्ट्रेंथ वाढवतात आणि मला पाठवतात, "सर बघा की, रिअल का दिसेना?" अरे कसं दिसणार, सावल्या चारी बाजूला पडल्यात! भर उन्हात बाहेर लाखभर लक्स उजेड असतोय, आत खिडकीपासनं चार पावलं आलं की काहीशे उरतात, मग खोली काळी येणारच. तिथं लाइट नाही, एक्सपोजर वाढवायचं, म्हणजे कॅमेऱ्याला जास्त उजेड घेऊ द्यायचा. खिडकीबाहेरचं पांढरंफटक होईल, होऊ दे, मोबाईलवर घरात फोटो काढला तरी तसंच येतंय.

पुढची चूक माझी स्वतःची. बेळगावच्या टिळकवाडीतला एक फ्लॅट, हॉलची मोठी खिडकी उत्तरेला. मी नेटवरनं कुठला तरी एचडीआरआय, म्हणजे खऱ्या जागेचा चौफेर फोटो, जो रेंडरला उजेड देतो, उचलून लावला, सूर्य पार खाली उतरलेला, सोफ्यापर्यंत सोनेरी उन्हाचे पट्टे, मी खूश, डिझायनर खूश. घरातल्या काकूंनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "हे आमचं घर नव्हं ओ. डिसेंबरात वास्तुशांत हाय, तवा हितं ऊन कुठनं येतंय?"

गप्प बसलो. बेळगाव साधारण 15.85 अंश उत्तर अक्षांशावर, डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला 50 अंशांवर, उत्तरेच्या खिडकीत तो दिवसभर फिरकत नाही. मेच्या सुरुवातीपासनं ऑगस्टच्या 10 तारखेच्या आसपासपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडं असतोय खरा, पण एवढा डोक्यावर की छज्जाच त्याला अडवतो. सूर्य काढून टाकला, नुसतं आकाश ठेवलं, खोली मऊ, जरा निळसर झाली. काकू म्हणाल्या, "हां, आता आमचं." तेव्हापासनं प्लॅनवर उत्तर कुठं, महिना कुठला, किती वाजता, हे विचारल्याशिवाय मी फाईल उघडत नाही. एचडीआरआय हा शॉर्टकट आहे, पण तो दुसऱ्याच्या गावचा उजेड आहे.

खिडकीला सॉलिड ग्लास लावून "उजेड आत येईना" म्हणू नका, सायकल्समध्ये (ब्लेंडर सॉफ्टवेअरचा रेंडरर) तसल्या काचेतनं येणारं ऊन कॉस्टिक होतं, म्हणजे काचेतनं वळलेला, हिशोबाला अवघड उजेड, मग अंधार आणि नॉईज (चित्रातले दाणे) दोन्ही. मी तर काचच काढून टाकतो, आजवर कुणाला कळलेलं नाही.

भिंत एका प्लेनची ठेवू नका, कोपऱ्यात फट राहिली की तिथनं उजेड गळतो. नऊ इंच जाडी द्या. खानापूरकडच्या जुन्या चिऱ्याच्या घरात बघा, जाड भिंतीच्या कडेवर उजेड कसा हळूहळू विरतो, ती कडा नसली तर खिडकी कागद कापून केल्यासारखी दिसते.

भिंतीचा पांढरा 255, म्हणजे पूर्ण पांढरा, नको, 0 ते 1 च्या मापात 0.8 च्या वर जाऊ नका, खरा चुनासुद्धा सगळा उजेड परत देत नाही.

खिडकीत लावायचं पोर्टल उजेड देत नाही, आकाशाचा उजेड कुठनं येतोय ते रेंडररला दाखवतं, नॉईज कमी होतो, एवढंच.

पन्नास सॅम्पलवर (दर ठिपक्याला उजेडाचा हिशोब पन्नासदाच) थांबून डिनॉइझर, म्हणजे दाणे पुसणारं टूल, मारणाऱ्यांना काय बोलायचं, पडद्याची वीण मेणासारखी वितळते. थांबा की रात्रभर.

शेवटची माझी खोड: टेक्स्चर लावायच्या आधी सगळ्याला करडं मटेरियल देतो आणि टेबलावर स्टीलचा तांब्या ठेवतो. तांब्याच्या पोटावर खिडकी एकच दिसायला पाहिजे. तीन दिसल्या तर छताखालचे लाइट तुम्ही अजून काढलेले नाहीत.